बोटीच्या इंजिनाला थंडी वाजते तेव्हा

मुलांनो, आपल्या कोकणात पावसाळा आला की होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात, हे तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिलं असेल. स्वीडनमध्ये हेच काम थंडीआधी करतात!

2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी ताईकडे स्टॉकहोमला गेले होते. शहराला लागूनच मेलारेन नावाचं गोड्या पाण्याचं प्रचंड सरोवर आहे. भावजींची छोटी शिडाची बोट तिथेच असते. शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं! वारा पडला की, किंवा धक्क्याला लागताना ते हवंच.

त्या सकाळी क्रेनने बोट उचलून काठावर लोखंडी घोडीवर ठेवली होती. रात्री उणे 6 अंश होणार होतं, आणि इंजिनाच्या पोटात सरोवराचं पाणी होतं. ते इंजिन थंड राहण्यासाठी बाहेरचंच पाणी ओढून घेतं ना! पाणी गोठलं की सुमारे 9 टक्के फुगतं. लोखंडाला ते ऐकत नाही. मागच्या वर्षी शेजारच्या बोटीचं इंजिन असंच तडकलं होतं.

उपाय सोपा वाटतो: न गोठणारं गुलाबी औषध, म्हणजे ग्लायकॉल, इंजिनात भरायचं. पण त्यासाठी इंजिन चालू व्हायला हवं, आणि तेच तर होईना!

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, बरं का. हवा जोरात दाबली की ती तापते आणि डिझेल आपोआप पेटतं. पण गार लोखंड ती ऊब खाऊन टाकतं. तेल घट्ट होतं, बॅटरीचाही जीव कमी होतो. भावजींनी आतले तापक वीस सेकंद चालू ठेवले, चावी फिरवली. घर्र... घर्र... गप्प. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "फिरवत राहा ना!" तर ते म्हणाले, "छे! पंप पाणी ओढतोय, पण धूर नाही म्हणून ते बाहेर जात नाही. उलट सिलिंडरात शिरेल."

दुपारचे साडेतीन वाजले होते आणि अंधार पडू लागला होता! शेवटी गाडीच्या बॅटरीला तारा जोडल्या. एक खोकला, पांढरा धूर, आणि सुरू!

आता भाचीने आणि मी साध्या पाण्याच्या बादल्या आणायचा सपाटा लावला. लगेच ग्लायकॉल का नाही? इंजिनात थर्मोस्टॅट नावाची झडप असते. इंजिन तापल्याशिवाय ती उघडत नाही, आणि ग्लायकॉल आतपर्यंत न जाता बाहेरच्या बाहेर निघून जातो. शेजाऱ्यांची चूक हीच झाली होती.

दहाएक मिनिटांनी नळी गुलाबी बादलीत गेली. मागच्या नळातून आधी साधं पाणी, मग गुलाबी! तेही आम्ही बादलीत धरलं, कारण स्टॉकहोमचं पिण्याचं पाणी याच सरोवरातून येतं.

सकाळी आम्ही पुन्हा गेलो. साध्या पाण्याच्या बादलीवर बर्फाची जाड साय आली होती. भाचीने टिचकी मारली, तर टणकन आवाज! शेजारची गुलाबी बादली तिने हलवली, तर ती डचमळली.