‘मला काहीच येत नाही, हे एक दिवस सगळ्यांना कळेल’

माझं क्लिनिक हिंजवडीपासून फार लांब नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरमधले पेशंट रोजचेच. छातीत धडधड, झोप नाही, रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड सगळं नॉर्मल येतं. मग रिपोर्टची घडी घालता घालता कोणीतरी हळूच म्हणतं, “डॉक्टर, खरं सांगू? मला कोडिंग नीट येतच नाही. गूगल करून ढकलतोय.” आणि चौकशी केली तर टीममधली अडलेली कामं याच माणसाकडे येत असतात!

तुम्हालाही असं वाटतं का? याला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात. १९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कर्तबगार स्त्रियांमध्ये हे नोंदवलं. पुढे पुरुषांतही आढळलं. नावात ‘सिंड्रोम’ असलं तरी हे मानसिक आजाराचं अधिकृत निदान नाही.

याचं एक चक्र असतं. नवं काम आलं की भीती वाटते. मग एक तर रात्री जागून गरजेपेक्षा तिप्पट तयारी, नाहीतर शेवटच्या दिवसापर्यंत टाळाटाळ. काम होतं. पण तयारी केली असेल तर “घासली म्हणून जमलं, हुशारी नाही”, आणि टाळाटाळ केली असेल तर “नशीब”. यश कुठूनही आलं तरी तुमच्या खात्यावर जमा होतच नाही.

तुमच्या क्षेत्रात याला खतपाणीही भरपूर. शिकलेलं काही वर्षांत जुनं होतं. शेजाऱ्याचा चालणारा कोड दिसतो, त्याआधी तो चार तास अडकला होता ते दिसत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांना तर मीटिंगमध्ये इंग्रजी अडखळलं की आपली बुद्धीच अडखळली असं वाटतं. आणि शोधून काम करणं म्हणजे फसवणूक कशी? कमी वापरातल्या औषधाचा डोस मी तुमच्यासमोर पुस्तकात बघते. तेव्हा तुम्ही मला तोतया म्हणता का?

‘सकारात्मक विचार करा’ या सल्ल्यावर माझा फारसा विश्वास नाही. त्यापेक्षा एक वही ठेवा. काय अडलं, कसं सुटलं, कोणी मदत मागितली, रोज दोन ओळी. अप्रेझलच्या आधी ती वाचा. अडलं तर तिसऱ्या दिवशी नाही, पहिल्याच दिवशी विचारा. मात्र विचारल्यावर पाणउतारा होत असेल, तर दोष तुमच्या मनाचा नाही, त्या जागेचा आहे. तिथे वही पुरणार नाही.

दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि हो, छातीतली धडधड ‘टेन्शनचीच असणार’ असं घरबसल्या ठरवू नका. ईसीजी आधी काढूया, बाकीचं नंतर बोलू.