वाचलेला घास कुणाचा?

वसई,
राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी

प्रिय बाय,


तुझं पत्र काल मिळालं. जावईबापूंची नोकरी गेल्याचं तुझ्या आईने सांगितलंच होतं. तुमच्या प्रार्थना गटाने एकवीस दिवसांचा कडक उपवास सांगितलाय आणि तो पार पडला की नोकरी मिळणारच, अशी हमीही कुणीतरी दिलीये. करू का, असं विचारतेस. माझं उत्तर ‘नको’ असं आहे. पण नुसत्या नकाराने तुझं समाधान व्हायचं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं कारण तुझ्या मांडीवर खेळतंय. बाळ अंगावर पितंय, आणि तू एकवीस दिवस उपाशी राहायचं म्हणतेस! आपल्या ख्रिस्तसभेचा नियम याहून किती सौम्य आहे ते बघ. सक्तीचे उपवास वर्षातून दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तेही १८ ते ५९ वयाच्या माणसांना. पोप पॉल सहावे यांनी १९६६ साली घालून दिलेल्या नियमाप्रमाणे त्या दिवशी एकदा पोटभर जेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ थोडंसं खायचं. आजारी माणूस, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई यांना त्यातूनही मोकळीक. मग जे ओझं ख्रिस्तसभा घालत नाही, ते गटाने का घालावं?

दुसरं कारण त्या हमीचं. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला बारावा अध्याय काढ. दावीदाचं मूल आजारी पडतं. राजा अन्न सोडतो, रात्रभर जमिनीवर पडून प्रार्थना करतो. सातव्या दिवशी मूल जातं. आता हा जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, या भीतीने चाकर कुजबुजत राहतात. पण दावीद उठतो, आंघोळ करतो, देवाच्या घरी जाऊन नमन करतो आणि घरी येऊन जेवायला वाढा म्हणतो. चाकर चकित होतात. तो म्हणतो, मूल जिवंत होतं तोवर मी उपाशी राहिलो. कोण जाणे, देवाला दया आली असती. गोष्ट कठोर आहे, लेकुरवाळीला सांगू नये अशी. पण ते ‘कोण जाणे’ नीट ऐक. त्याने मागितलं जीव तोडून, देवाला मात्र बांधून घातलं नाही. मागितलेलं मिळालं नाही तरी त्याची पावलं देवाच्याच घराकडे वळली.

खुद्द येशूचं घे. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर सैतानाने पहिली गळ घातली ती दगडांच्या भाकरी करण्याची. म्हणजे उपवासाच्या जोरावर हवं ते पदरात पाडून घे, हाच तो मोह. येशूने तो झिडकारला. तुमच्या गटात कुणी पुन्हा हमी दिली, तर हा प्रसंग वाचायला सांग.

मग उपवास करायचाच कशाला? दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या पुस्तकात याचं रोखठोक उत्तर आहे. उपवासाच्या दिवशी भाकरी आणि पाणी घ्यावं, एरवी जेवणाला किती खर्च आला असता त्याचा हिशेब करावा आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. त्याच शतकात अथेन्सच्या अरिस्टायडीजने रोमच्या सम्राटाला ख्रिस्ती लोकांची ओळख करून दिली. त्यांच्यात कुणी गरीब असला आणि देण्याजोगं घरात जादा काही नसलं, तर ते दोन-तीन दिवस उपाशी राहून त्याला अन्न पुरवतात, असं त्याने लिहिलं. यशया संदेष्ट्याने तर अठ्ठावन्नाव्या अध्यायात, भुकेल्याला आपल्यातली भाकरी न देणाऱ्यांचा उपवास देवाला नकोच आहे, असं ठणकावलंय.

आपण मात्र शुक्रवारी मटण टाळतो आणि त्याहून महाग पापलेट तळतो. नियम पाळला जातो, पण ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणून दुसऱ्यांना हसायचा आपल्याला मग काय अधिकार?

आणि प्रार्थनेचं म्हणशील, तर पोटात कावळे ओरडू लागले की माणसाला आपलं परावलंबन कळतं. मी माझ्या बळावर उभा नाही, हे एरवी तोंडाने म्हणतो ते तेव्हा खरंच पटतं. अंत्युखियाच्या मंडळीने उपवास आणि प्रार्थना करूनच बर्णबा आणि शौल यांना कामगिरीवर धाडलं. पुढे काय हाती लागेल याची हमी त्यांना नव्हती. कुणाला पाठवायचं, एवढंच कळलं होतं. जावईबापूंना उपवास करायचा असेल तर त्यांनी शुक्रवारचं दुपारचं जेवण सोडावं, तेवढा वेळ बायबल घेऊन बसावं आणि पुढचा रस्ता दाखव म्हणावं. गटात त्याची वाच्यता नको. उपवास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना दिसू देऊ नका, हे मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशूनेच सांगितलंय. तू रात्री बाळाला पाजायला उठतेसच. तेव्हा मनातल्या मनात दोन शब्द बोललीस तरी तुझी प्रार्थना पोचते.

उद्या चर्चमध्ये जाऊन कपाळाला राख लावून घे आणि घरी येऊन वेळेवर जेव.

शेवटचं एक. मामी आणि मी या उपवासकाळात दर शुक्रवारी एक वेळ जेवणार आहोत. मासळीचे आणि बाकीचे जे पैसे वाचतील ते दर वर्षी कुणाला तरी देतो, यंदा ते तुमच्या घरी यायचे आहेत. रक्कम मोठी नसेल, दूध-भाजीला होईल. मामाकडून कसे घ्यायचे, म्हणून परत पाठवू नकोस. आणि घरभाडं अडलं तर संकोच न करता लगेच कळव.

तुझा,
मामा