किल्लारीची वेलांटी

संगणकाच्या पडद्यावर आपण खिडक्या उघडतो, मिटतो, इकडून तिकडे ओढतो. पण त्या खिडकीला चौकट कोण बसवतं, वरची पट्टी कोण रंगवतं, दोन खिडक्या एकमेकींवर आल्या तर वर कोणी बसायचं हे कोण ठरवतं? विंडोजवर हात बसलेल्या माणसाला हा प्रश्न पडतच नाही. आम्हा मराठवाड्यातल्या कितीतरी शिक्षकांची संगणकाशी पहिली ओळख एमएस-सीआयटीच्या वर्गात झाली. (एमकेसीएल निघाली २००१ साली, त्यानंतरची ही गोष्ट. भारनियमनाचे दिवस! अर्धा तास धडा आणि अर्धा तास लाईटची वाट.) तिथे खिडकी म्हणजे निळी पट्टी, उजव्या कोपऱ्यात तीन बटणं आणि शेवटच्यावर फुली. देवाने सूर्य केला तशी ही खिडकी केली, अशीच समजूत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले. माझा संगणक म्हातारा, चार जीबीचा. विंडोज ११ ला जे लागतं ते त्यात नाही. नातवाने सुट्टीत येऊन त्यावर डेबियन लिनक्स टाकून दिलं आणि वर म्हणाला, "आजी, विंडो मॅनेजर कोणता ठेवू? पाच-सहा टाकून ठेवतो, तूच बघ." लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात एक बारीकसं चित्र असतं. त्यावर टिचकी मारली की यादी उघडते. आज एक निवडा, उद्या दुसरा. फायली त्याच, प्रोग्रॅम तेच, नुसता खिडक्या सांभाळणारा बदलतो.

आता हे असं का, ते मला माझ्या पद्धतीने समजलं ते सांगते. शाळेची इमारत वेगळी आणि वर्गशिक्षक वेगळा. १९८४ मध्ये अमेरिकेत एमआयटीत बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स नावाची प्रणाली बांधायला घेतली. तिने फक्त इमारत दिली: पडद्यावर जागा, रेघा, रंग, कळफलक आणि माऊसचे निरोप पोचवणं. कोणत्या मुलाला कुठल्या बाकावर बसवायचं हे मुद्दामच तिने आपल्याकडे ठेवलं नाही. साधन आम्ही देतो, धोरण तुम्ही ठरवा, असा तो बाणा. त्यामुळे वर्गशिक्षक कोणीही होऊ शकत होतं. आणि झाले की मंडळी, ढिगाने झाले!

१९८७ मध्ये टॉम लास्ट्रेंज यांनी ट्विम (टीडब्ल्यूएम) लिहिला. टी म्हणजे टॉमचाच. १९९३ मध्ये रॉबर्ट नेशन यांचा एफव्हीडब्ल्यूएम आला. ब्राझीलच्या अल्फ्रेडो कोजिमांनी १९९७ मध्ये विंडो मेकर काढला, तो नेक्स्ट नावाच्या महागड्या संगणकासारखा दिसावा म्हणून. एकाचं नाव तर रॅटपॉयझन, म्हणजे उंदराचं औषध, कारण तो माऊस वापरूच देत नाही, सगळं कळफलकावरून. मेटासिटीच्या माहितीपत्रकात त्याच्या कर्त्यानेच लिहून ठेवलं होतं की हा कंटाळवाणा आहे, मोठ्या माणसांसाठी आहे. मला तो माणूस न बघताच आवडला.

पुण्याचा भाचा आयथ्री वापरतो. त्यात खिडक्या एकमेकींवर येतच नाहीत, फरशा बसवाव्यात तशा शेजारी शेजारी बसतात. त्याला वाटतं हे फार नवं आहे. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्येही खिडक्या अशाच शेजारी बसत, एकीवर एक यायला १९८७ उजाडलं. हे मी त्याला सांगितल्यावर तो जरा गप्प झाला :-)

तर मीही महिनाभर यादीतला एकेक वापरून बघितला. रंगरूपाला मी भुलत नाही. माझी परीक्षा एकच होती. गेली चार वर्षं मी किल्लारी-सास्तूरकडच्या बायकांनी सांगितलेलं लिहून ठेवते आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपलेले. त्या फाइलचं नाव ‘किल्लारी : स्त्रियांच्या आठवणी’. खिडकीच्या वरच्या पट्टीत हे नाव उमटतं. ते नीट उमटतं का?

फ्लक्सबॉक्समध्ये नाही उमटलं. क च्या आधी यायची वेलांटी क च्या नंतर पडली, ल चा पाय मोडलेला तसाच उघडा राहिला, आणि ‘स्त्रि’चे तर स, त, र असे तीन तुकडे, खाली हलन्ताचे काटे. डीडब्ल्यूएमच्या वरच्या पट्टीतही तेच. हा डीडब्ल्यूएम म्हणजे २००६ सालचा, मोठा शिस्तीचा. त्याचा सगळा कोड दोन हजार ओळींच्या आत ठेवायचा असा कर्त्यांचा नेम. कौतुक आहे. पण त्या दोन हजार ओळींत आमच्या जोडाक्षराला जागा नाही.

कारण साधं आहे. इंग्रजीत एक अक्षर, एक आकार, ओळीने मांडत गेलं की झालं. आपल्याकडे साठवताना आधी क आणि मग वेलांटी, पण काढताना आधी वेलांटी आणि मग क. हे उलटसुलट करणारा कोणीतरी मध्ये लागतो. लिनक्सवर ते काम बऱ्याच ठिकाणी पँगो करतो. (नाव ग्रीक ‘पॅन’ आणि जपानी ‘गो’ यांचं मिळून, अर्थ ‘सगळ्या भाषा’. चांगलं ठेवलंय.) २००२ मध्ये जीटीके दोनबरोबर तो सर्वत्र पोचला. २००४ मध्ये रेड हॅटने लोहित फॉन्ट मुक्त केले, त्यांच्या पुण्याच्या कचेरीत मराठी भाषांतराचंही बरंच काम झालं. पण फॉन्ट कितीही चांगला असला तरी वर्गशिक्षकाने पँगोला विचारलंच नाही तर काय उपयोग? फ्लक्सबॉक्स आणि ओपनबॉक्स दोघे ब्लॅकबॉक्सच्या घरातले. ओपनबॉक्स पुढे नव्याने लिहिला गेला आणि पँगोला विचारू लागला, फ्लक्सबॉक्सने विचारलं नाही. एकाकडे माझ्या बायका ‘स्त्रिया’ आहेत, दुसऱ्याकडे त्यांचे तुकडे. आयथ्रीलाही वेलांटी येते, भाच्याला हे मात्र कबूल केलं.

कोणी म्हणेल, पट्टीतलं तर नाव, आतला मजकूर नीट आहे ना! आहे. पण चाळीस मुलांच्या वर्गात ज्याचं नाव दर वेळी चुकीचं पुकारलं जातं त्याला जाऊन विचारा.

शेवटी एक्सएफसीईवर राहिले. १९९६ पासून चालत आलेला, गवगवा नाही, नाव अचूक लिहितो. आणि एक गोष्ट समवयस्कांसाठी: खिडकीची कड पकडणं हाताला जमत नसेल तर ऑल्ट दाबून खिडकीत कुठेही डावं बटण धरून ओढा, खिडकी सरकते. उजवं धरून ओढा, लहानमोठी होते. बारीक रेघेवर नेम धरत बसायला नको.

लातूरच्या दाजींना यातलं काही पटत नाही. "मला आधी होतं तसंच पायजे," एवढंच म्हणणं. वय ऐंशीच्या पुढे, त्यांचं म्हणणं चूक तरी कसं म्हणू? २०११ मध्ये जीनोम तीनने पट्टीवरचं खिडकी खाली ठेवायचं बटणच काढून टाकलं तेव्हा जगभरातले जाणते लोकही असंच म्हणाले होते. एका अर्जेंटिनाच्या माणसाने जुना जीनोम उचलून माटे नावाने जिवंत ठेवला (माटे म्हणजे त्यांच्याकडचं चहासारखं पेय), आणि लिनक्स मिंटवाल्यांनी सिनॅमन काढला. दाजींना मी सिनॅमन सुचवला आहे. पट्टी खाली, मेनू डावीकडे, फुली उजवीकडे. त्यांना कळणारही नाही.

आता मात्र हा मेळा ओसरतोय. एक्सच्या जागी वेलँड येतंय. २००८ मध्ये क्रिस्तियन ह्योग्सबर्ग यांनी ते सुरू केलं. त्यात इमारत आणि वर्गशिक्षक वेगळे राहत नाहीत. ज्याला बाक मांडायचे त्यानेच भिंतीही सांभाळायच्या. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या कळा चोरून वाचू नयेत म्हणून हे बरं आहे, एक्समध्ये त्याला फारसा अडसर नव्हता. पण एकट्या माणसाने सुट्टीत बसून विंडो मॅनेजर लिहायचे दिवस त्यामुळे अवघड झाले. सप्टेंबर २०२५ च्या जीनोम ४९ मध्ये एक्सचं सत्र मुळातच बंद करून ठेवलेलं होतं, आणि केडीईनेही त्याच वर्षी प्लाझ्मा ६.८ पासून ते काढणार असं जाहीर केलं. ओपनबॉक्स आणि फ्लक्सबॉक्सच्या शेवटच्या आवृत्त्या दोन्ही २०१५ च्या. जे पुढे गेले नाहीत ते तिथेच राहतील.

एक्सएफसीईने डिसेंबर २०२४ मध्ये वेलँडवर जायचा पहिला प्रयत्न केला, तो लॅबडब्ल्यूसी नावाच्या नव्या सांभाळणाऱ्याच्या खांद्यावर. हा ओपनबॉक्सच्याच वळणाचा, त्याच्या सजावटी जशाच्या तशा वाचतो. मागच्या रविवारी नातवाकडून फोनवर एकेक पायरी विचारून तोही लावून बघितला. फाइल उघडली, पट्टीकडे पाहिलं. वेलांटी क च्या आधी, स्त्र एकसंध.

फाइल आता एकशे बत्तीस पानांची झालीय. सास्तूरच्या दोघीजणींशी बोलायचं राहिलंय, त्यातल्या एकीने ज्वारीची काढणी झाल्यावर ये म्हणून सांगितलंय.