पिंजरा लावण्याआधी

वेस्टबरो, मॅसॅच्युसेट्स
जूनचा पहिला आठवडा

चि. सलील,


ताईचा काल फोन आला होता. तिनं पेरलेली मेथी आणि घेवड्याचे कोवळे वेल एका सकाळीत भुईसपाट झाले, तू पिंजरा मागवलास, आणि तो प्राणी सापडला की गाडीत घालून वॉल्डनच्या रानात सोडून येणार आहेस, असं तिनं सांगितलं. ‘मारायचं नाही हं, असं मी बजावलंय त्याला,’ हेही सांगितलं. फोनवर हे सगळं नीट बोलणं होणार नाही, म्हणून लिहिते आहे. पिंजऱ्याचं खोकं उघडण्याआधी वाच.

आधी तो वुडचकच आहे ना, याची खात्री करून घे. इथले लोक ज्याला ग्राउंडहॉग म्हणतात तोही हाच. हरणानं खाल्लेले देठ ओढून तोडल्यासारखे चिंधड्या झालेले दिसतात, सशाचा घाव सुरीनं कापल्यासारखा स्वच्छ आणि तिरका असतो. वुडचक वाफ्यात ठाण मांडून बसतो आणि वाफा संपवूनच उठतो. तो दिवसाढवळ्या येतो, सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर. रात्री काही गेलं असेल तर चोर दुसरा आहे. शेडच्या कडेनं एक चक्कर मार. ताज्या मातीचा ढीग, त्याला लागून फूटभर रुंदीचं भोक आणि तोंडाशी माश्या घोंगावताना दिसल्या, तर बीळ नांदतं आहे असं समज. याशिवाय एकदोन चोरदारं असतात. ती आतून उकरलेली असल्यामुळे बाहेर माती पडत नाही आणि गवतात पाय जाईपर्यंत कळत नाहीत. ताईला तिकडे अनवाणी फिरू देऊ नकोस.

हा प्राणी खारीच्या कुळातला, पण चारपाच किलोंचा. ऑक्टोबरात तो बिळात शिरतो आणि थेट फेब्रुवारी-मार्चला बाहेर येतो. एरवी मिनिटाला 80 च्या आसपास ठोके देणारं त्याचं हृदय त्या झोपेत 5 ठोक्यांवर येतं, आणि अंग चारपाच अंश सेल्सियसपर्यंत थंड पडतं. या चारपाच महिन्यांत पोटात अन्नाचा कण जात नाही. उन्हाळ्यात अंगावर चढलेल्या चरबीवर तो तगतो. घेवड्याचा, वाटाण्याचा, क्लोव्हरचा पाला तो असा अधाशासारखा का ओढतो, ते यातून समजून घे. तुमच्या वाफ्याशी त्याचं वैर नाही. रानाच्या कडेला मोकळं गवत आणि त्या गवतात घर, ही त्याची आवडती जागा, आणि तुमच्या ॲक्टनसारख्या गावात प्रत्येक घराचं अंगण नेमकं तसंच असतं.

आता मुख्य गोष्ट. मॅसॅच्युसेट्समध्ये रानटी प्राणी पकडून आपल्या जागेबाहेर नेऊन सोडणं बेकायदा आहे. गावाबाहेर नाही, वॉल्डनला नाही, दोन घरं सोडूनही नाही. पिंजऱ्यात आलेल्या वुडचकबाबत तू दोनच गोष्टी करू शकतोस: आपल्याच आवारात सोडायचा किंवा मारायचा. राज्याचा परवाना असलेला माणूस पैसे देऊन बोलावलास तरी त्यालाही हाच नियम आहे. तोही प्राणी तुझ्याच जागेत सोडतो, नाहीतर संपवतो. तेव्हा पिंजरा लावायचा म्हणजे यातलं काय करणार ते लावण्याआधी ठरवायचं. पिंजरे विकणाऱ्यांच्या खोक्यावर प्राण्याचं हसरं चित्र असतं. ही गोष्ट तिथं छापलेली नसते.

कायदा आहे म्हणून गप्प बस, एवढंच मला म्हणायचं नाही. तो कायदा मला मनापासून पटलेला आहे. सांगलीला आपल्या वाड्यात पिंजऱ्यात सापडलेला उंदीर पलीकडच्या गल्लीत सोडून यायची रीत होती. आपल्या हातानं जीव गेला नाही याचं समाधान आपल्याला, आणि उंदीर त्या गल्लीला. वुडचकचं तसंच होतं, आणि शिवाय त्याचे स्वतःचे हालही होतात. तो एकटा राहणारा प्राणी. दुसऱ्याच्या हद्दीत पडला की तिथला वुडचक त्याला टिकू देत नाही. बीळ नाही, वाटा माहीत नाहीत, कोल्हा आणि कायोटी कुठून येतात ते ठाऊक नाही. उन्हाळ्याच्या शेवटी नेऊन सोडलास तर त्याला थंडीआधी नवं बीळ खणायचं आणि चरबीही चढवायची असते. आपण गाडीचं दार लावून परत येतो आणि पुढचं आपल्याला दिसत नाही, म्हणून ते दयाळूपणाचं वाटतं. शिवाय रोगही प्राण्याबरोबर प्रवास करतात. 1985 ते 1994 या काळात अमेरिकेत कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये रेबीजच्या ज्या 368 नोंदी झाल्या, त्यांतल्या 86 टक्के वुडचकच्या होत्या. आजारी वुडचक झोकांड्या खाताना दिसला तर जवळ जाऊ नकोस, गावच्या ॲनिमल कंट्रोल ऑफिसरला फोन कर. धडधाकट असला तरी त्याला उघड्या हातानं कधी शिवू नये.

वॉल्डनचं नाव तू सहज घेतलं असशील, पण त्याच तळ्याकाठी 1845 साली थोरोनं अडीच एकरांत घेवडा पेरला होता आणि त्याला सगळ्यांत जास्त छळलं ते वुडचकांनी. ज्याचे विचार गांधीजींनी जवळ केले, तो हा माणूस. आपण एकदा एक वुडचक मारला आणि खाल्लाही, हे त्यानं ‘वॉल्डन’ या पुस्तकात सरळ लिहून ठेवलं आहे. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावानं त्याचा अनुवाद केला आहे. माझी प्रत तुला देईन. त्या कबुलीबद्दल मला थोरोचा आदर वाटतो. पिकावर पोट असलेल्या शेतकऱ्यानं वुडचक मारला तर त्याला नावं ठेवायला मी जाणार नाही. सोयाबीनच्या शेतात त्याचा उपद्रव मोठा असतो, आणि बिळात ट्रॅक्टरचं चाक जातं. पण आपल्या परसातला दहा फुटांचा वाफा हे काही आपलं पोट नाही.

आणि मारून तरी ते संपतात का? शेजारच्या न्यू हॅम्पशरनं 1883 मध्ये दर वुडचकमागे 10 सेंटांचं इनाम लावलं होतं. आज न्यू हॅम्पशरच्या कुठल्याही रस्त्याकडेला गवतात मागच्या पायांवर उभा राहिलेला वुडचक दिसतो. जुलैत पिल्लं आईपासून सुटतात आणि स्वतःचं बीळ शोधत निघतात. तुझ्या शेडखाली तयार घर रिकामं दिसलं की त्यांतलं एखादं तिथं येणारच. एक काढलास की दुसरा, असं ते चालत राहतं.

पिल्लांचं निघालं म्हणून एक सांगते. आमच्या मागच्या घरातल्या गृहस्थांनी एका मे महिन्यात असाच पिंजरा लावला होता. त्यात एक मादी सापडल्यावर त्यांनी मला हाक मारली. पिंजऱ्याखालचं गवत तिनं जाळीतून नखांनी ओढून ओढून काढलं होतं, नुसती ओली माती उरली होती. नाक तारेवर घासून सोललं होतं. आम्हाला बघून तिनं दात वाजवले, एकसारखा टकटक आवाज. दात पांढरेशुभ्र, उंदरांसारखे पिवळे नाहीत. मग ती उठून तारेला पंजे लावून उभी राहिली आणि पोट दिसलं. सड सुजलेले, भोवतीचे केस झिजून गेलेले. एप्रिल-मेमध्ये त्यांची पिल्लं जन्मतात, तीनचार, डोळे मिटलेली, अंगावर केस नसलेली. तिची पिल्लं तिथंच कुठेतरी जमिनीखाली होती. मी पिंजऱ्यावर जुनी चादर टाकली तशी ती शांत झाली. त्या गृहस्थांनी काही न बोलता पिंजऱ्याचं दार वर उचलून धरलं. ती सरळ शेडखाली गेली. त्यांनी तिला आणखी कुठे नेलं असतं, तर ती पिल्लं त्यांच्याच शेडखाली भुकेनं मेली असती.

म्हणून निदान आत्ता, जूनमध्ये, काहीही पकडू नकोस. पिल्लं अजून धड बाहेर पडलेली नाहीत.

पुढे कधी, म्हणजे बीळ घराच्या पायाला भिडलं किंवा असंच काही झालं आणि परवानावाल्या माणसाला बोलवावं लागलं, तर त्याचं काम तू उभं राहून बघ. पिंजरा साधारण 32 इंच लांब आणि 10 बाय 12 इंच तोंडाचा लागतो. तो बिळाच्या दारासमोर किंवा ठरलेल्या वाटेवर, सावलीत ठेवायचा. उन्हात ठेवलेल्या पिंजऱ्यात प्राणी तासाभरातही दगावू शकतो. सफरचंदाच्या फोडी, खरबूज, गाजर असं काहीतरी आत ठेवायचं. आणि अंधार पडण्याआधी पिंजरा बंद करून टाकायचा, कारण वुडचक रात्री येत नाही. रात्री येतात ते स्कंक, रकून आणि ओपोसम. स्कंक अडकला तर त्याच्या फवाऱ्याचा वास आठवडेच्या आठवडे अंगणातून जात नाही. सकाळ-संध्याकाळ बघायला जाणं तर आलंच.

ताईनं डांबराच्या गोळ्यांचंही सुचवलं आहे म्हणे. तिला सांग, इथं त्या पाकिटावर लिहिलेल्या कामाखेरीज वापरणं गुन्हा आहे, आणि त्यातलं विष मातीत उतरतं. मेथी त्याच मातीत घ्यायची आहे ना? लाल तिखट पहिल्या पावसात वाहून जातं. कोणतंही विष घालू नकोस. वुडचकसाठी मंजूर असं विषारी आमिष या देशात नाही, आणि एका बिळात घातलेलं विष कोल्ह्याच्या, घुबडाच्या आणि शेजारच्या मांजराच्या पोटात जातं. जुन्या बिळांमध्ये ससे, स्कंक, कोल्हे राहतात, हेही ध्यानात ठेव.

आता करायचं काय? कुंपण. मी माझ्या बागेला केलं आहे आणि त्यानंतर घेवडा आम्ही खातो. वेल्डेड जाळी आण, चार फूट उंच कुंपण होऊन खाली वळवायला दोन फूट उरेल एवढी रुंद. वाफ्याभोवती फूटभर खोल चर खण. जाळी चरात उतरवून तळाशी बाहेरच्या बाजूला काटकोनात दुमड, फूटभर तरी, मग माती लोट. वुडचक नेमका कुंपणाच्या पायाशी उकरायला बसतो, त्याच्या नखांना ही आडवी जाळी लागते आणि तो सोडून देतो. मागं सरून फूटभर लांबून खणावं हे त्याला सुचत नाही. तो चढतोही चांगला, खारीचाच भाऊबंद तो. म्हणून वरची फूटभर जाळी खांबांना पक्की बांधू नकोस, बाहेर झुकलेली आणि ढिली ठेव. ती त्याच्या वजनानं डुलते आणि त्याला पकड मिळत नाही. फाटकाखाली फरशी घाल. बहुतेक लोक सगळं कुंपण नीट करतात आणि फाटकाखालची फट विसरतात.

शेडखालचं बीळ ऑगस्टच्या अखेरीला बघू. तोवर पिल्लं पांगलेली असतात आणि मोठ्यालाही थंडीआधी दुसरीकडे घर करायला अवधी मिळतो. ऑक्टोबरात बीळ बुजवणं म्हणजे आत झोपलेल्याला गाडणं. तोंडात वर्तमानपत्राचे बोळे सैलसर कोंबायचे आणि सगळ्या दारांवर लक्ष ठेवायचं. चारपाच कोरडे दिवस बोळे हलले नाहीत तर घर रिकामं आहे. मग भोकावर तीन फूट चौरस जाळी जमिनीत फूटभर खाली पसरून माती घालायची. शेडच्या चारही बाजूंना वाफ्यासारखीच जाळी पुरली की तो प्रश्नही मिटला. तो आवाराच्या दुसऱ्या टोकाला, त्या दगडी बांधाखाली राहायला गेला तर जाऊ दे. तिथलं क्लोव्हर त्याला पुरेसं आहे.

हंगाम गेला असं ताईला वाटू देऊ नकोस. घेवडा जूनअखेरपर्यंत पुन्हा पेरता येतो, पहिलं दव गोठायला ऑक्टोबर उजाडतो. मेथी तर महिन्याभरात काढायला येते. मात्र कुंपणाआधी बी टाकायचं नाही.

पिंजरा परत करायची मुदत संपण्याआधी तो परत करून टाक आणि त्या पैशांची जाळी आण. रविवारी मी आणि काका फावडी घेऊन येतो. चर दुपारपर्यंत खणून होईल.

तुझी
मंदामावशी