शून्य आणि गैरहजर

आमच्या मराठी विभागात अंतर्गत परीक्षेचे गुण पूर्वी जाड वहीत चढवले जात. आता ते संगणकावर भरतो. त्यासाठीचे पान एका माजी विद्यार्थ्याने जावास्क्रिप्टमध्ये करून दिले. गेल्या सत्रात त्या पानाने आम्हांला चांगलेच खजील केले.

चाकण एमआयडीसीत रात्रपाळी करून थेट वर्गात येणारा एक मुलगा दारात उभा राहिला. म्हणाला, "सर, पेपर कोरा गेला, कबूल. पण मी आलो होतो. शून्य द्या, गैरहजर लावू नका." उत्तरपत्रिका काढून पाहिली. नाव, क्रमांक, पर्यवेक्षकाची सही. आणि आमच्याच तांबड्या शाईतले शून्य. पानावरही आम्ही शून्यच भरले होते. यादीत मात्र 'गैरहजर' उमटले होते, आणि त्या शेऱ्यापायी त्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडला होता.

माजी विद्यार्थ्याने चूक दाखवली. 'गुण', पुढे दोन उभ्या रेघा, पुढे 'गैरहजर'. त्या रेघा आम्ही 'किंवा' अशा वाचत होतो. त्यांचा खरा अर्थ 'नाहीतर'. डावीकडचे मूल्य ग्राह्य असेल तर ते, नाहीतर उजवीकडचे. पण ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत जिचा पहिला आराखडा केला, त्या या भाषेत शून्य, रिकामी अक्षरमाला, नल आणि अनडिफाइन्ड ही सारी 'असत्य' म्हणून एकाच पंगतीत बसतात. (अवतरणचिन्हांतले शून्य मात्र सत्य ठरते!) मिळालेले शून्य आणि न भरलेला रकाना यांतला भेद त्या रेघांना कळत नाही.

हा भेद आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. प्रथमेच्या एकवचनाला प्रत्यय नाही, म्हणून विभक्तीच नाही असे कोणी म्हणत नाही. पाणिनीने तर न दिसण्यालाच 'लोप' ही संज्ञा दिली. लोपलेला प्रत्ययही आपले कार्य करून जातो. उत्सर्ग आणि अपवादही त्याच शास्त्रातले. न सांगता गृहीत धरलेले मूल्य हा एका अर्थी उत्सर्गच. आमच्या पानावर तो अपवादाच्या घरात शिरला होता.

दुरुस्ती ओळभराची. गुण नल आहेत का, पुढे प्रश्नचिन्ह, असल्यास 'गैरहजर', मग विसर्गासारखे दोन टिंब, नसल्यास गुण. २०२० च्या मानकापासून जोडून काढलेली दोन प्रश्नचिन्हेही हेच काम करतात. ती नल आणि अनडिफाइन्ड यांनाच अडवतात, शून्याला जाऊ देतात.

त्याच दिवशी आणखी एक ओळ सापडली. मातृभाषेचा रकाना रिकामा राहिला की तिथे आपोआप 'मराठी' येई. ही सूचना आमचीच होती. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांवर कुठून कुठून माणसे आली, हे ठाऊक असूनही! रकाना रिकामा ठेवणाऱ्या एका मुलीला विचारले. ती म्हणाली, "मॅडम, घरी आम्ही गोरमाटी बोलतो. तुमच्या यादीत ती नव्हती."

यादीत आता गोरमाटी आहे. रात्रपाळीचा मुलगाही येऊन आपले शून्य पाहून गेला.