पोटाचं टाइमटेबल

व्यायामाच्या आधी आणि नंतर काय खावं, याबाबत मी ज्या चुका केल्या त्यांतली एकही अडाणीपणानं केली नाही. प्रत्येक चूक कुठेतरी वाचून, कुणाचं तरी ऐकून, वहीत लिहून घेऊन केली. अडाणी असतो तर भूक लागल्यावर खाल्लं असतं आणि पोट भरल्यावर थांबलो असतो. निम्मं नुकसान तिथेच टळलं असतं.

राहतो विरार पश्चिमेला, नोकरी चर्चगेटला. म्हणजे ६० किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. ज्याचा दिवस लोकल ठरवते त्याच्या व्यायामाला दोनच वेळा उरतात, उजाडायच्या आधी किंवा रात्री नऊनंतर. वसई-विरारमध्ये पहाटे पळणारे एवढे का दिसतात, याचं एक कारण २०११ पासून होणारी महापौर मॅरेथॉन. दुसरं कारण हे, की बाकी वेळच नाही. पण खाण्याविषयीचे सल्ले ज्याच्यासाठी लिहिलेले असतात तो माणूस दुपारी एकला जेवतो, चारला फळ खातो आणि साडेपाचला बूट घालतो. साडेपाचला मी ऑफिसात घड्याळाकडे बघत बसलेला असतो.

सुरुवात अनशेपोटी पळण्यापासून झाली. रिकाम्या पोटी पळालं की चरबी जळते, हे मी इतक्या ठिकाणी वाचलं होतं की शहानिशा करावीशी वाटली नाही. त्यात आपल्याकडे उपाशी राहण्याला मान आहेच. एकादशी, संकष्टी, नवरात्र पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला न खाता केलेली गोष्ट आपोआप श्रेष्ठ वाटते. पहाटे बिनसाखरेचा कपभर चहा घेऊन मी बोळींजवरून आगाशीमार्गे अर्नाळ्याकडे निघायचो. पाच-सहा किलोमीटर काहीच वाटायचं नाही आणि तेच फसवं होतं. अंतर वाढवत बारा-पंधरापर्यंत नेलं तसं परतीच्या वाटेवर आगाशीच्या अलीकडे डोकं हलकं व्हायला लागलं. विचार तुटायचे, उगीच चिडचिड व्हायची. मी त्याचा अर्थ लावला की स्टॅमिना कमी पडतोय. म्हणून आणखी पळालो. तेही उपाशीच.

एकदा घेरीच आली. एका वाडीच्या बांधावर बसलो, घाम गार पडला होता, हात थरथरत होते. समोरच्या दुकानातून दोन केळी घेऊन खाल्ली. पंधरा-वीस मिनिटांत माणसात आलो आणि पहिली भावना काय झाली असेल तर अपराधाची. उपास मोडला!

आमच्याबरोबर पळायला शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले एक सर असतात. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, तुमचे पाय नाही थकले, तुमचं यकृत थकलं." मला तो विनोद वाटला, पण गोष्ट अक्षरशः खरी होती. शरीरात साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो. स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम, यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास. स्नायूंचा साठा स्नायूंनीच वापरायचा. रात्रभर मेंदूला आणि रक्ताला साखर पुरवतं ते यकृत. रात्री नऊला जेवून पहाटे साडेपाचला उठलेल्या माणसाचे पाय भरलेले असतात आणि यकृत बरंचसं रिकामं. म्हणून सुरुवातीला पाय पळतात आणि नंतर डोकं दगा देतं. आणि चरबीचं म्हणाल तर उपाशीपोटी पळताना ती जास्त वापरली जाते हे खरं. पण उरलेल्या दिवसात शरीर तो हिशेब बराचसा बरोबर करून टाकतं, आणि मी तर घरी येऊन सूड घेतल्यासारखा खायचो.

तासाभराच्या आतलं सावकाश पळणं असेल तर मी आजही काही न खाता जातो. त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते लांब पल्ल्याला आणि जोराच्या व्यायामाला.

आमच्या घरी पूर्वी पहाटे पेज व्हायची. उकडा तांदूळ, पाणी, मीठ. मी ती आजाऱ्याची आणि गरिबाची म्हणून बाजूला ठेवली होती. आता लांब पळायच्या दिवशी तीच घेतो. सहज पचणारी कर्बोदके, पाणी आणि मीठ एकाच वाडग्यात मिळतं. पूर्वजांना क्रीडाविज्ञान ठाऊक होतं वगैरे म्हणायची मला हौस नाही. वाडीवर कामाला जायचं, घरात तांदूळ आहेत, झटपट काय होईल, एवढाच त्यांचा विचार असणार. पण कष्टाच्या आधी पोटात काहीतरी पातळ आणि खारट जावं, हे त्यांना रोजच्या रोज पटत होतं. मला ते पटायला घेरी यावी लागली.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. रविवारी जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायऱ्या चढायचा आमचा शिरस्ता. उपाशी जायचं नाही असं ठरवल्यामुळे स्टेशनजवळ कांदेपोहे, वर एक वडापाव, कडक चहा, असं सगळं करून अर्ध्या तासात पायथ्याशी हजर. पायऱ्या हजारावर आहेत. अर्ध्या वाटेवर वडा घशाशी आला आणि पुढचं सांगण्यासारखं नाही. भाविकांच्या रांगेत ते व्हावं याची लाज अजून जात नाही. जोराच्या श्रमात रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं. त्या वेळी पोटात तळलेलं असेल तर ते तिथेच बसून राहतं, कारण तेल पोटातून पुढे सरकायला सगळ्यात जास्त वेळ घेतं.

खेळाडूंच्या आहाराचं काम करणाऱ्यांचा ढोबळ नियम असा आहे, की व्यायामाला एक ते चार तास असताना वजनाच्या दर किलोमागे एक ते चार ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. वेळ कमी तर प्रमाणही कमी. माझं वजन ७० किलोच्या आसपास. म्हणजे तासभर आधी सुमारे ७० ग्रॅम. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणून दोन केळी आणि मध लावलेला पाव. तीन तास हाताशी असतील तर भात-वरणसुद्धा चालतं, पण पहाटे तीनला उठून भात खाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आता भुजिंग. आगाशीची भुजिंग ज्यांनी खाल्लेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, पोहे, बटाटा आणि झणझणीत मसाला असा तो प्रकार. अर्ध मॅरेथॉन पहिल्यांदा पळायची होती आणि आदल्या रात्री भरपूर कर्बोदके खावीत असं वहीत लिहिलेलं होतं. पोहे म्हणजे कर्बोदकेच की! असं म्हणून मी ताट भरून भुजिंग खाल्ली, वर भात. पहाटे शर्यत सुटण्याआधी मी फिरत्या शौचालयाच्या रांगेत उभा होतो आणि माझ्यापुढची माणसं कमी होत नव्हती.

गंमत म्हणजे ज्या संशोधनातून हा साठा करण्याचा सल्ला निघाला ते मी आवडीनं वाचलं होतं. १९६६ साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोन संशोधकांनी एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून एकेका पायानं पेडल मारले. एक पाय दमवला, दुसऱ्याला विश्रांती दिली, मग मांडीतून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. पुढचे काही दिवस कर्बोदकांचा आहार घेतल्यावर दमलेल्या पायातला साठा दुसऱ्या पायाच्या साधारण दुप्पट झाला. म्हणजे आधी श्रम, मग काही दिवस नीट खाणं, तेव्हा साठा होतो. एका रात्रीत कोंबून होत नाही. आणि २१ किलोमीटरसाठी एवढा खटाटोप लागतोच असंही नाही. शेवटच्या दीड-दोन दिवसांत भात-पोळी थोडी वाढवली, मसाला आणि कोशिंबीर कमी केली, तर भागतं. भुजिंग मी सोडलेली नाही. ती शर्यतीनंतर दुपारी खातो.

पळताना खायचं काय, यात पैसे वाया घालवले. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदाच एनर्जी जेलचं पाकीट फोडलं. गोडमिट्ट, चिकट, आणि वर पाणी न पिता घेतलं. पोटात मुरडा आला आणि वसईहून विरारपर्यंतचं अंतर मी पळण्यापेक्षा चालूनच जास्त कापलं. जेलचा दोष नव्हता, तीच जेल आमच्यातले कितीतरी जण मजेत खातात. पण पोटालाही सराव लागतो, हे मला कळलं नव्हतं. पायांना महिनोन् महिने तयार करायचं आणि पोटासमोर ऐन परीक्षेच्या दिवशी अनोळखी पेपर ठेवायचा, असा तो प्रकार झाला. तासाभरापेक्षा जास्त पळणाऱ्याला दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरतात. अडीच तासांच्या पुढे गेलं तर ९० पर्यंत, पण ते सवयीनंच झेपतं.

आता खिशात सुकेळी असते. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवलेली, आपल्याच वसईची. छोटे तुकडे करून ठेवायचे, दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक चघळायचा, वर दोन घोट पाणी. चावायला वेळ लागतो, हा तिचा तोटा. जोरात पळणाऱ्याला ते जमणार नाही. माझ्या वेगाला कुणी जोरात म्हणत नाही. पावसाळ्यात चांगली सुकेळी टिकत नाही, तेव्हा खजूर.

पाण्याचं थोडक्यात. आपल्याकडची हवा दमट, घाम वाळत नाही, म्हणून प्रत्येक पाण्याच्या टेबलावर थांबून मी ग्लास रिचवायचो. एकदा लांब पळून आल्यावर काट्यावर उभा राहिलो तर वजन निघतानापेक्षा जास्त, आणि डोकं ठणकत होतं. बॉस्टनच्या २००२ च्या मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळलं होतं, आणि वजन वाढलेल्यांना तो धोका अधिक होता. तेव्हापासून तहान लागेल तेवढंच पितो, आणि दीड तासाच्या वर असेल तर साध्या पाण्याबरोबर ओआरएस.

राहिली संध्याकाळ. ती मला अजून नीट जमलेली नाही, त्यामुळे इथे मी काही जाणकार म्हणून बोलत नाही. सातच्या विरार फास्टमध्ये हात वर करायला जागा नसते, तिथे डबा कुठून उघडणार? विरारला उतरून थेट जिम गाठायचो. शेवटचं खाणं दुपारी दीडचं, वर चारचा चहा-बिस्किट. वजनं उचलताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. नंतर साडेदहाला घरी. तोवर डोक्यात दुसरं सूत्र पक्कं बसलेलं, की रात्री उशिरा जेवू नये. म्हणून नुसती प्रोटीनची पावडर पाण्यात ढवळून प्यायची आणि झोपायचं. मध्यरात्री जाग यायची आणि मी अंधारात चकलीचा डबा शोधायचो. डब्याचं झाकण वाजलं की बायको आतून म्हणायची, "जेवायला वाढू का सरळ?"

तिचं बरोबर होतं. श्रमानंतर स्नायूंच्या दुरुस्तीला २०-३० ग्रॅम प्रथिनं लागतात, पण भाताची, पोळीची जागा ती पावडर घेत नाही. आणि ती प्रथिनं अर्ध्या तासातच पोटात गेली पाहिजेत अशी काही भट्टी पेटलेली नसते. दिवसभरात एकूण किती गेलं याला जास्त महत्त्व आहे. घाई त्याला, ज्याला काही तासांत पुन्हा मैदानात उतरायचंय. मी दुसऱ्या दिवशी फक्त सहा सत्तावन्नच्या गाडीत उतरायचो.

आता सवय अशी. ऑफिसातून निघताना मूठभर चणे आणि एक केळं, चर्चगेटच्या फलाटावर उभं राहून, गाडीत शिरायच्या आधी. तिथून विरारपर्यंतचा वेळ पचायला पुरतो. व्यायाम झाल्यावर घरी साधं, कमी तेलाचं पण पूर्ण जेवण. भात, आमटी, दोन अंडी किंवा मासे असतील तर मासे. अकराला जेवलो म्हणून झोप बिघडत नाही, उपाशी झोपलो की बिघडायची. एक मित्र मधुमेहाच्या गोळ्या घेतो. त्याला मात्र मी यातलं काही सुचवलं नाही. व्यायामानं साखर आणि खाली जाऊ शकते, त्यामुळे त्याचं वेळापत्रक डॉक्टरच ठरवतात.

आणि ज्या संध्याकाळी सिग्नल बिघडतो, गाडी नायगावच्या अलीकडे तासभर उभी राहते, त्या दिवशी मी जिमला जातच नाही. पूर्वी जायचो, हट्टानं, चणे कधीच जिरून गेलेले असताना. आता सरळ घरी जाऊन जेवतो, आणि बायको विचारते की आज एवढ्या लवकर कसे.