आत्याबाईंचा हप्ता

हप्ता म्हटला की शेतकऱ्याच्या घरात आधी सोसायटीच्या कर्जाचा हप्ता आठवतो. आमच्या घरात मात्र 'आत्याबाईंचा हप्ता' म्हणून एक वेगळाच हप्ता प्रसिद्ध आहे. तो कर्जाचा नाही, गोष्टीचा आहे. यंदा उन्हाळ्याच्या सुटीत नातीने त्याची हकीकत पुन्हा काढली आणि "आजी, हे लिहून ठेव" असा हट्ट धरला, म्हणून लिहायला बसले.

माझे माहेर कोरेगाव तालुक्यातले. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते. त्यांना विडीचे व्यसन नव्हते, चहाचे नव्हते. 'चांदोबा'चे मात्र होते. हे मुलांचे मासिक मद्रासहून निघे. 1947 च्या जुलैत बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या दोघांनी ते तेलुगू आणि तमिळ भाषांत सुरू केले आणि 1952 साली ते मराठीत आले. वडील कामासाठी साताऱ्याला गेले की एस.टी. स्टँडवरून नवा अंक आणत. आम्ही पाच भावंडे. अंक ओढाओढीत फाटू नये म्हणून ते स्वतःच मोठ्याने वाचत आणि आम्ही भोवती बसून चित्रे बघत असू.

चांदोबात वेताळाची गोष्ट असे, पुराणातली असे, पण आमचा जीव अडकलेला असे तो क्रमशः येणाऱ्या अद्भुत कादंबरीत. मांत्रिक, राक्षस, पडके किल्ले, भुयारे, आणि त्यातून वाट काढणारे दोन धाडसी तरुण. नेमक्या अडचणीच्या जागी हप्ता संपे आणि पुढचा महिनाभर आम्ही शेतात, ओढ्यावर, शाळेच्या वाटेवर त्याचीच चर्चा करीत असू. एक मालिका संपायला वर्ष-दीड वर्ष लागे. ती संपली की वडील साऱ्या अंकांतली तेवढीच पाने हलक्या हाताने सोडवून घेत, दाभणाने शिवत आणि गव्हाच्या पिठाची खळ लावून जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यात बांधत. पानोपानी रंगीत चित्रे असलेली कादंबरी विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती. ती आमच्या ओसरीवरच तयार होत असे.

1974 साली माझे लग्न झाले. वडिलांनी माझ्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली अशी दोन पुस्तके घातली. म्हणाले, "करमलं नाही तर वाच."

सासर तासगाव तालुक्यातले. शाळू, भुईमूग, थोडी हळद, चार जनावरे आणि माणसे अकरा. करमायचे की नाही हे बघायलाही सवड नव्हती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. कामाला वाघीण आणि बोलायला तिखट. अक्षरओळख नव्हती. दुपारी मी पुस्तक हातात घेतले की त्या म्हणत, "पुस्तकं वाचून कुनाचं पोट भरलंय गं?" मी गुपचूप पुस्तक फडताळात ठेवून देई.

पहिल्याच आषाढात झड लागली. चार दिवस ऊन नाही. शेणी ओल्या, चिपाडे ओली, चूल पेटेना. मी रानातून घरी आले तर चुलीपुढे एक अर्धवट जळालेले पान पडले होते. त्यावर मांत्रिकाचे अर्धे तोंड शिल्लक होते. फडताळातले पुस्तक उघडून बघितले, तर मधला एक हप्ता मुळापासून उपटलेला. मला रडूच फुटले. आत्याबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कागूदच हुता न्हवं? त्यात काय कुनाचा सातबारा हुता?"

त्यानंतर आठवडाभर आम्ही दोघी कामापुरत्याच बोललो. आज हे वाचायला क्षुल्लक वाटेल. पण नव्या घरात माझे म्हणावे असे तेवढेच होते, आणि तेही चुलीत गेले होते. माहेरी निघून जावे असा विचारही मनात येऊन गेला. वडिलांना मात्र मी हे कधी कळवले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बियाण्याच्या शेंगा फोडायला आळीतल्या बायका संध्याकाळी आमच्या सोप्यात जमू लागल्या. बोटे दुखत, डोळे पेंगत. एके दिवशी थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, ते तुझं राक्षसाचं बाड वाच की. तेवढंच काम सरंल." मी आत्याबाईंकडे बघितले. त्या काहीच बोलल्या नाहीत. मी पुस्तक काढले आणि दिव्याखाली बसून सुरुवातीपासून वाचायला घेतले.

आत्याबाई भिंतीला टेकून, आमच्याकडे जवळजवळ पाठ करून बसल्या होत्या. पण थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले, की त्यांच्या बाजूने शेंग फुटल्याचा आवाजच येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "बघू, कसा दिसतोय त्यो राक्षस." पुस्तक हातात घेऊन दिव्याजवळ नेले. खूप वेळ एकेक चित्र बघितले. मग म्हणाल्या, "ह्या बाया आपल्यावानी नेसत न्हाईत. आन् बैलाची शिंगं बघ, ही आपल्या खिलाराची न्हवंत." मी सांगितले, की चित्रे मद्रासला काढतात, मजकूर प्रत्येक भाषेत वेगळा असतो, पण चित्रे सगळ्यांना तीच. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजी तिकडच्या बायाबी ह्योच राक्षस बघत असत्याल!" त्या दिवसापासून राक्षस त्यांच्या ओळखीचा झाला.

चित्रांच्या कोपऱ्यात 'चित्रा' अशी बारीक सही असे. मी लहानपणी ही कुणी बाई समजत होते. पुढे कळले, की ते टी. व्ही. राघवन नावाचे गृहस्थ. 1978 साली ते वारले. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम राजा ज्यांनी आपल्या डोळ्यांपुढे कायमचा उभा केला, ते शंकर वेगळे. मंत्र म्हणताना मांत्रिकाच्या कपाळाची शीर कशी ताठते, हे मला चित्रांच्या चित्रांनी दाखवले.

वाचता वाचता पाचव्या-सहाव्या दिवशी आम्ही त्या जळालेल्या जागी आलो. नायक भुयारात शिरला आहे, तोंडावर वरून धोंड येऊन बसली आहे, आत मिट्ट काळोख. आणि पुढच्या पानावर तो एकदम नदीत, नावेत बसलेला! बायका ओरडल्या, "आगं, मधलं वाच की!" मी खाली मान घालून म्हणाले, "मधली पानं नाहीत."

सोप्यात कुणी बोलेना. मग भिंतीकडून आवाज आला, "मीच जाळली ती. चूल पेटंना म्हून."

त्या बाईच्या तोंडून चूक कबूल झालेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मला काय बोलावे ते सुचेना. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "पर त्यो भायेर कसा आला, ते मला ठावं हाय."

आत्याबाईंचे वडील विहिरी खोदायच्या कामावर असत. जमिनीखालच्या अंधाराची त्यांना बालपणापासून माहिती होती. त्यांनी सांगायला सुरुवात केली. गड्यापाशी पलिता होता. तो त्याने विझू दिला नाही. धोंडीशी झटत बसला नाही, कारण ती हलणारच नव्हती. त्याने पलिता पुढे धरला आणि जोत कुठे वाकते ते बघितले. जोत वाकते म्हणजे वारा येतो, वारा येतो म्हणजे दुसरे तोंड आहे. तसा तो वाऱ्याच्या मागाने सरपटत निघाला, आणि नदीच्या दरडीला बाहेर पडला. समोर नावाडी. नावाडी काय फुकट नेतो? तर गड्याने हातातले कडे काढून त्याला दिले.

"कडं कशावरून?" जाऊबाईंनी विचारले.

"चित्रात बघ की!" आत्याबाई म्हणाल्या. मी पाने उलटून बघितली. भुयाराच्या तोंडाशी त्याच्या मनगटात कडे होते. नावेतल्या चित्रात नव्हते. ती चित्रकाराची नजरचूकही असेल. पण इतकी वर्षे ते पुस्तक पाठ असून मला ते दिसले नव्हते, आणि अक्षर न येणाऱ्या बाईने पाच दिवसांत ते वाचले होते.

त्या रात्री झोपताना त्यांनी माझ्या उशाशी पुस्तक आणून ठेवले. म्हणाल्या, "फडताळात नगं. ट्रंकंत ठीव."

पुढे दर उन्हाळ्यात शेंगा फोडताना ही दोन्ही पुस्तके वाचली जात. भुयाराची जागा आली की मी थांबे आणि आत्याबाई आपला हप्ता सांगत. दरवर्षी त्यात थोडी भर पडे. एकदा तर भुयारात त्यांना पाण्याचा जिवंत झराही लागला! 1983 साली सांगलीला रद्दीच्या दुकानात मला तो मूळ अंक अचानक सापडला. मी हरखून घरी आणला आणि बायकांना वाचून दाखवला. त्यात कुणाच्या तरी मंत्राने धोंड बाजूला होते. ऐकून जाऊबाई नाक मुरडून म्हणाल्या, "मंत्रानं कुनीबी सुटंल. आत्याबाईंचंच बरं हाय." मी ती पाने पुस्तकात शिवून टाकली, पण सांगितला जाई तो आत्याबाईंचाच हप्ता.

अशा गोष्टी मुळी वाढण्यासाठीच असतात. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' लिहिला. त्यात वेताळाच्या गोष्टी पंचवीसच आहेत. चांदोबाने नव्या गोष्टी रचून तोच वेताळ वर्षानुवर्षे झाडावर परत पाठवला. मग आमच्या आत्याबाईंनी एक हप्ता रचला तर काय बिघडले?

आत्याबाई 2001 साली गेल्या. चांदोबाही काही वर्षांपूर्वी बंद पडला. आमच्या दोन्ही पुस्तकांत लेखकाचे नाव कुठेच नव्हते, आणि खरे सांगते, ते आम्ही कधी शोधलेही नाही. नातीने मोबाइलवर शोधले तेव्हा मला कळले, की चांदोबातल्या त्या अद्भुत मालिका दासरि सुब्रह्मण्यम नावाच्या तेलुगू लेखकाच्या. पहिली 'तोकचुक्का', म्हणजे आपले शेंडेनक्षत्र, 1954 ची. मग जवळजवळ पंचवीस वर्षे एकामागून एक. 1978 ची 'भल्लूक मांत्रिकुडु', म्हणजे अस्वल मांत्रिक, ही त्यांची शेवटच्या मालिकांपैकी. ते 2010 च्या जानेवारीत वारले. मला त्यांचे नाव कळले ते त्यानंतर. 2020 साली शंकरही गेले.

मला फार चुटपुट लागली. एक पोस्टकार्ड टाकायला काय लागत होते? मासिकाचा मद्रासचा पत्ता तर प्रत्येक अंकावर असे. तासगाव तालुक्यातल्या एका सोप्यात नऊ बायका तुमची गोष्ट ऐकत शेंगा फोडतात, इतके दोन ओळींत कळवले असते तर त्या माणसाला किती बरे वाटले असते! गोष्ट आवडली की आपण एकमेकींना सांगतो, पण ज्याची ती आहे त्याला सांगायचे राहून जाते. तुमच्या माळ्यावर अशी जुनी बाडे असतील तर रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. आणि आज लिहिणारा, चित्रे काढणारा कुणी तुमच्या मुलांना आवडत असेल, तर त्याला वेळेवर पत्र लिहायला लावा.

नात हॅरी पॉटरची भक्त आहे. ती मला तिची जाड पुस्तके मराठीत सांगते आणि मी तिला माझी वाचून दाखवते. "आजी, तुझ्या मांत्रिकांना शाळा नव्हती का गं?" असे ती विचारते. आमचे मांत्रिक जास्त भयंकर की तिचे, यावर अजून आमचा निकाल लागलेला नाही.

यंदा तिने आत्याबाईंचा हप्ता माझ्याकडून ऐकून सुवाच्य अक्षरात उतरवला. भुयारातल्या वाकड्या जोतीचे चित्रही काढले. मग मी दाभण काढले, पिठाची खळ शिजवली आणि रद्दीतून आणलेल्या मूळ हप्त्याच्या शेजारीच तो शिवून टाकला. वर तिने लेखिकेचे नाव घातले आहे. आत्याबाईंचे, संपूर्ण.